बटणांचा फोन घेतलात? आधी मेसेजची पेटी लावून घ्या

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात सुरमईचा भाव ऐकायला वाकलो आणि खिशातला टचचा फोन पाण्यात गेला. तांदळात पुरून ठेवा, असं चौघांनी सांगितलं. ठेवला. तांदूळ खारट झाले, फोन काही उठला नाही. मग चार दिवसांपुरता म्हणून दापोलीच्या बाजारातून बटणांचा फोन आणला. त्या चार दिवसांना आता दोन वर्षं झाली.

सुरुवातीला वाटलं, यात शिकायचं काय? हिरवं बटण, लाल बटण, झालं. तिसऱ्या आठवड्यात गॅसची गाडी दारात आली, सिलिंडर खाली उतरला आणि पोऱ्याने मोबाइलवर आलेला कोड मागितला. कोड आलाच नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पाकीट तेवढं लुकलुकत होतं. ते काय म्हणतंय हे मला उमगेपर्यंत गाडी घाटी उतरून गेली, सिलिंडरसकट. पाकीट म्हणत होतं, पेटी भरली आहे, नवीन मेसेजला जागा नाही.

त्यानंतर वाडीतले बरेच जण आपापले फोन घेऊन आमच्या पडवीत बसून गेले. दहातल्या आठांची तक्रार ‘मेसेज येत नाय’ अशी, आणि त्यातल्या बहुतेकांची पेटी तुडुंब. म्हणून हे एकदा लिहूनच काढतो. मेनूतली नावं प्रत्येक कंपनीच्या फोनवर थोडी वेगळी असतात, तेव्हा शब्द तंतोतंत जुळला नाही तर घाबरू नका. आसपास शोधा, सापडतं.

बसण्याआधी जवळ काय घ्याल

- पूर्ण चार्ज केलेला फोन.
- सिम ज्या प्लास्टिकच्या मोठ्या कार्डातून काढलं ते कार्ड. त्यावर पीयूके नंबर असतो. पिन तीनदा चुकली की सिम बंद होतं आणि मग हाच नंबर लागतो. पीयूकेही दहादा चुकवलात तर सिम कायमचं गेलं.
- बँकेचं पासबुक, गॅसचं पुस्तक, विजेचं बिल. या तिन्ही ठिकाणी तुमचा हाच मोबाइल नंबर नोंदलाय का, ते पाहायचंय.
- वही आणि पेन. हसू नका, शेवटी तीच उपयोगी पडते.
- रेंज असलेली जागा. आमच्या वाडीत खाली व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, रेंजची एक काडी येते ती जाते. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढलं की चार. पहिली जुळणी सड्यावर बसून करा.

१. फोन आणि सिम यांचं जमतंय का ते बघा

हे खरं तर विकत घेतानाच बघायचं. बाजारातले काही स्वस्त फोन फक्त टूजीवर चालतात. जिओचं टूजीचं जाळंच नाही, त्यामुळे जिओचं सिम अशा फोनात घातलं तर फोन नुसता शोभेचा. जिओ हवं असेल तर फोरजीचा बटणांचा फोन घ्यावा लागतो. बीएसएनएल, एअरटेल किंवा व्हीआय असेल तर टूजीचा फोनही चालतो.

दुसरा सापळा सिमच्या आकाराचा. टचच्या फोनातलं सिम नखाएवढं असतं आणि बटणांच्या बऱ्याच फोनांत खाच मोठी असते. मध्ये प्लास्टिकची चौकट घालावी लागते. नुसतं सिम सरकवलंत तर ते आत अडकतं आणि काढताना खाचेतल्या पिना मोडतात. आमच्या चुलत्यांनी केसाच्या आकड्याने काढायचा प्रयत्न केला होता. सिम आलं, पिनाही आल्या.

२. पेटी रिकामी करा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

टचच्या फोनात हजारो मेसेज पडून राहिले तरी कुणाला पत्ता लागत नाही. साध्या फोनाची पेटी काही शे मेसेजची. शिवाय मेसेज सिमवर साठवायचे अशी सेटिंग चुकून लागली असेल, तर सिमवर जेमतेम काही डझन मावतात. तेव्हा आधी मेसेज, मग सेटिंग, मग मेमरी किंवा स्टोरेज असं जाऊन ‘फोन’ निवडा. ‘सिम’ असेल तर बदला.

पेटी भरल्यावर काय होतं ते कळलं की पुढचं आपोआप कळतं. तुम्हाला आलेला मेसेज थेट फोनात पडत नाही. तो आधी कंपनीच्या मेसेज केंद्रात येतो आणि तिथून तुमच्या फोनाकडे निघतो. जागा नसेल तर फोन तो घेत नाही, केंद्र तो राखून ठेवतं. तुम्ही दहा मेसेज पुसलेत की जागा झाल्याचं फोन स्वतःच कळवतो, आणि अडकलेले मेसेज एकामागून एक टिंगटिंग करत येतात. म्हणजे मेसेज लगेच हरवत नाही, उशिरा येतो. पण बँकेचा ओटीपी काही मिनिटंच जिवंत असतो. उशिरा आलेला ओटीपी आणि काल सुटलेली एसटी सारखीच.

पुसायची पद्धत अशी:

- इनबॉक्समध्ये जाऊन ‘पर्याय’ दाबा. ‘सगळे पुसा’ दिसेल. दाबण्याआधी कामाचे दोन-चार मेसेज वहीत उतरवा.
- ‘पाठवलेले’ हा कप्पाही उघडा. लोक हाच विसरतात. इनबॉक्स रिकामं, तरी पेटी भरलेली, कारण तुम्ही पाठवलेला प्रत्येक मेसेज फोनाने जपून ठेवलेला असतो. सेटिंगमध्ये ‘पाठवलेले मेसेज जतन करा’ हे बंद करून टाका.
- ‘मसुदे’ म्हणजे अर्धवट लिहून सोडलेले मेसेज, आणि ‘आउटबॉक्स’ म्हणजे न गेलेले. हेही बघा. आउटबॉक्समध्ये अडकलेला जुना मेसेज काही फोनांत पुन्हा पुन्हा जायचा प्रयत्न करतो, आणि भलत्या वेळी भलत्याला पोचतो.

किती दिवसांनी पुसायचं? मी दर सोमवारी, दाढी झाली की. तुमचा वार तुम्ही ठरवा, पण ठरवा. गणपतीच्या आधी तर नक्कीच. चाकरमानी आले की शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि दीड दिवसात पेटी काठोकाठ.

३. मराठीत लिहायचं की इंग्रजी अक्षरांत

भारतात विकल्या जाणाऱ्या फोनावर घटनेतल्या २२ भाषांमधले मेसेज वाचता आलेच पाहिजेत, असा नियम आहे. लिहिण्यासाठी मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी एक भाषा एवढीच सक्ती. ती ‘आणखी एक’ मराठीच असेल असं नाही. दुकानात उभ्या उभ्या ‘लिहिण्याची भाषा’ उघडून बघा. नसली तर हिंदीवर काम चालतं, पण ळ शोधता शोधता जीव जातो. माझ्या फोनात तो सापडायला महिना लागला. तोवर सगळ्यांची मी ‘कालजी’ घेत होतो.

आता हिशेब. एका मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी ७०. कारण मेसेजची जागा ठरलेली, १४० बाइट. साधं इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं, देवनागरीला सोळा लागतात. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘रत्नागिरी’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, फोन नऊ मोजतो. लिहिताना कोपऱ्यात आकडा उतरत जातो, त्यावर लक्ष ठेवा.

मजकूर लांबला की मेसेजचे तुकडे पडतात, आणि तुकडे जोडायच्या खुणेला थोडी जागा जाते. मग प्रत्येक तुकड्यात इंग्रजी १५३ आणि देवनागरी ६७ एवढीच अक्षरं बसतात. दीडशे अक्षरांचा मेसेज इंग्रजी लिपीत एकच, देवनागरीत तीन. तुमच्या पॅकमध्ये रोजचे १०० मेसेज असतील तर तिथे तीन कमी झाले. आणखी एक गंमत: इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या लांब मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर घातलंत, तरी अख्ख्या मेसेजला ७० ची मर्यादा लागते.

माझं मत विचाराल तर घरच्यांना मराठीतच लिहा. ‘बाबा आले’ आणि ‘बाबा आळे’ यात फरक राहतो.

टाइप करताना: एकच बटण पुन्हा पुन्हा दाबून अक्षर बदलतं. फोन स्वतःहून शब्द सुचवत असेल आणि ते नको असेल तर ‘शब्द सूचना’ बंद करा. बऱ्याच फोनांत चौकडीच्या बटणाने लिहिण्याची पद्धत बदलते, चांदणीने चिन्हं येतात आणि शून्याने मोकळी जागा सुटते. आकडा हवा असेल तर ते बटण दाबून धरा. बोटं अडखळतात? अडखळू देत. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये गेला तो संगणकावरून; समोरच्या फोनावर उलट लिहून पाठवायची सोयच नव्हती.

४. पाठवण्याच्या दोन सेटिंग, खास आपल्या बाजूसाठी

पहिली ‘व्हॅलिडिटी’, म्हणजे समोरचा फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर केंद्राने मेसेज किती वेळ राखायचा ती मुदत. एक तास, सहा तास, एक दिवस, आठवडा, कमाल असे पर्याय असतात. शहरात याने काही अडत नाही. आपल्याकडे माणूस घाटात, व्हाळात नाहीतर बोटीवर असतो. तेव्हा ‘कमाल’ ठेवा. सगळ्याच फोनांत ही सोय सापडेल असं नाही.

दुसरी ‘डिलिव्हरी रिपोर्ट’. ही चालू केली की मेसेज समोरच्या फोनात पडल्याक्षणी तुम्हाला तसं कळवणारा छोटा मेसेज येतो. हिचा खरा उपयोग मला शेजारच्या काकींनी दाखवला. त्यांचे यजमान बोटीवर खलाशी. बोट तीन-चार दिवस बाहेर असते, आणि टूजीच्या टॉवरची मर्यादा, मध्ये काही आड आलं नाही तरी, ३५ किलोमीटर. म्हणजे बराच वेळ फोन लागतच नाही. काकी बोट यायच्या दिवशी दुपारी ‘भात टाकू का’ एवढाच मेसेज पाठवून ठेवतात. रिपोर्ट वाजला की समजायचं, बोट रेंजमध्ये आली. उत्तराची वाट न बघता त्या तांदूळ धुवायला घेतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर; तेवढे दोन महिने त्या रिपोर्ट बंद ठेवतात, कारण काही फोनांत रिपोर्टही पेटीतली जागा खातात.

या दोन्हींच्या शेजारीच ‘मेसेज केंद्र नंबर’ दिसेल. त्याला हात लावू नका. तो सिमबरोबर आपोआप येतो. रेंज आहे, पॅक आहे, मेसेज येतात पण जात मात्र नाहीत, असं झालं तर नातवंडांनी हाच नंबर पुसलाय का ते बघा, आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून पुन्हा घाला.

५. तयार मजकूर भरून ठेवा

‘टेम्पलेट’ नावाचा कप्पा असतो. त्यात इंग्रजीत ‘मी मीटिंगमध्ये आहे’ वगैरे आयते मेसेज असतात. माझी शेवटची मीटिंग ग्रामसभेची, तिथे फोन उचलला तरी कुणी काही म्हणत नाही. ते मजकूर बदलता येत असतील तर आपले घाला. माझे हे आहेत:

- एसटी चुकली. पुढच्या गाडीने येतो.
- पोचलो.
- रेंज नाही. सड्यावर गेलो की फोन करतो.
- वीज गेली आहे. फोन बंद पडला तर काळजी नको.

शेवटचा मुंबईच्या मुलासाठी. जून लागला की आठवड्यातून दोनदा जातो.

६. आवाज आणि अक्षरांचा आकार

मेसेजचा आवाज कॉलपेक्षा वेगळा आणि लांब ठेवा, नाहीतर कौलांवरच्या पावसात ऐकू येत नाही. व्हायब्रेशन चालू ठेवा. वयस्कर माणसाचा फोन असेल तर अक्षरं ‘मोठी’ करा. फोनाच्या सेटिंगमध्ये किंवा मेसेजच्या पर्यायांत ते सापडेल.

७. नको ते मेसेज, आणि फसवे मेसेज

आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचायला शिका. बँका, कंपन्या, सरकारी खाती दहा आकडी मोबाइल नंबरावरून मेसेज पाठवत नाहीत. त्यांचं नाव इंग्रजी अक्षरांत येतं: आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग संस्थेचं छोटं नाव. २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर लागतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पुसायला बसलात की पी वाले डोळे झाकून उडवा.

जाहिराती मुळातच थांबवायच्या तर १९०९ वर फोन करा, किंवा इंग्रजीत स्टार्ट, मग मोकळी जागा, मग शून्य, असा मेसेज १९०९ वर पाठवा. याने बँकेचे ओटीपी बंद होत नाहीत. ती भीती मनातून काढा. एवढं करूनही कुणी सतावत असेल तर तक्रारही १९०९ वरच, मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत.

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज आमच्या वाडीत निम्म्या घरांत येऊन गेलाय. दहा आकडी नंबरावरून आला की तो खोटा. महावितरणच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल ही अक्षरं असतात. बटणांच्या फोनावर लिंक सहसा उघडत नाही, हा आपला फायदा. म्हणून चोर लिंकऐवजी फोन करायला लावतो आणि मग ओटीपी विचारतो. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. पहिल्या तासात लावलेल्या फोनाला जास्त अर्थ असतो.

आणखी एक बारीक सापळा. कॉल संपला की स्क्रीनवर अचानक चौकोन येतो, काहीतरी इंग्रजीत, खाली ‘ओके’. घाईत ओके दाबलंत तर गाण्याची नाहीतर राशिभविष्याची सेवा गळ्यात पडू शकते. माझ्या आत्याला भजनाची कॉलरट्यून अशीच लागली होती आणि तिचे दर महिन्याला पैसे जात होते. ‘मी कदी सांगितला?’ म्हणून ती माझ्यावरच चिडली. अशी सेवा बंद करायला इंग्रजीत स्टॉप लिहून १५५२२३ वर पाठवा आणि पुढे येणाऱ्या सूचना पाळा. चौकोन आला की लाल बटण दाबायची सवय लावा.

८. मेसेजवरून करायची कामं

वीज: पावसात फांदी पडून वीज गेली तर इंग्रजीत नो आणि पॉवर हे शब्द जोडून लिहा, मग मोकळी जागा, मग बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक, आणि ९९३०३९९३०३ वर पाठवा. ज्या मोबाइलची नोंद महावितरणकडे आहे त्यावरूनच. हा मजकूर टेम्पलेटमध्ये ठेवलात तर अंधारात १२ आकडे शोधावे लागत नाहीत.

गॅस: बुकिंगनंतर येणारा कोड गाडी येईपर्यंत पुसू नका. वहीत लिहा.

रिचार्ज: इंटरनेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही कंपन्यांनी ठेवले पाहिजेत, असा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचा, डिसेंबर २०२४ चा नियम आहे. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. नाव घेऊन मागा. बटणांच्या फोनात रोजचा दीड जीबी घेऊन करायचंय काय?

९. वादळाचे इशारे

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मी मुंबईत होतो आणि आई इथे. दापोली-मंडणगडला कित्येक दिवस वीज नव्हती. टॉवर जनरेटरवर तासभर चालायचा, तेवढ्यात सगळा तालुका फोन लावत असे आणि कुणाचाच लागत नसे. मेसेज मात्र घुसायचा, कारण त्याला क्षणभराची वाट पुरते. चौथ्या दिवशी तिचा ‘कौला गेली मी बरी’ आला. तिच्या बटणांच्या फोनाची बॅटरी तोवर टिकली होती. माझ्यासारखा टचचा असता तर पहिल्याच रात्री विझला असता.

म्हणून मे संपायच्या आत दोन गोष्टी करा. मेसेजच्या सेटिंगमध्ये ‘सेल ब्रॉडकास्ट’ किंवा ‘माहिती संदेश’ असेल तर ते चालू करा. हे इशारे एका टॉवरखालच्या सगळ्या फोनांना एकदम जातात, त्यांना तुमचा नंबर लागत नाही. आणि पेटी रिकामी करा, कारण प्रशासनाचे जे इशारे साध्या एसएमएसने येतात, त्यांना जागा लागते.

१०. फोन बदलताना

साध्या फोनातले मेसेज दुसऱ्या फोनात नेण्याची सरळ वाट सहसा नसते. नावं आणि नंबर सिमवर उतरवून घेता येतात, मेसेज थोडेच. जपायचे असतील ते वहीत उतरवा, तारीख टाकून. मग जुना फोन कुणाला देण्याआधी ‘फॅक्टरी रीसेट’ करा, म्हणजे फोनातलं तुमचं सगळं पुसलं जातं, आणि सिम काढलंय ना, ते दोनदा बघा. रीसेट करताना सुरक्षा कोड विचारतो. तुम्ही बदलला नसेल तर तो फोनाबरोबरच्या पुस्तिकेत असतो.

आईचा तो मेसेज मी वहीत उतरवलाय, आहे तसाच, ‘कौला’सकट.